प्रसूतीनंतरचा उच्च रक्तदाब
बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो प्रसूतीनंतरचा उच्च रक्तदाब होय. कधी तो गरोदरपणापासून असतो, तर कधी नऊ महिने रक्तदाब व्यवस्थित राहून बाळंतपणानंतर पहिल्यांदाच वाढतो.

वार पडली की हा विकार लगेच संपतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. गरोदरपणी ऊतींमध्ये साठलेले पाणी आणि क्षार बाळंतपणानंतर रक्तात परत येतात, त्यामुळे तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब सर्वांत वर जातो. नेमकी तेव्हा बाळंतीण घरी, पुष्कळदा माहेरी आलेली असते. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही घरी येतात, पण या भेटींचा मुख्य भर बाळावर असतो. त्याच दिवसांत आईचा रक्तदाबही मोजला जायलाच हवा.

असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. जागरणाने किंवा वारा लागल्याने डोके दुखते म्हणून डोक्याला फडके बांधून दिवस काढू नये. पुढची पायरी झटके (एक्लॅम्पसिया) किंवा मेंदूतील रक्तस्राव असू शकते. रक्तदाब १६०/११० च्या वर टिकला, तर तासाभराच्या आत औषध सुरू व्हावे लागते. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले.

औषध घेतले तर दूध तोडावे लागेल, या भीतीने पुष्कळ जणी गोळ्या सोडतात. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधे अंगावर पाजताना सहसा चालतात. यांपैकी एनालाप्रिल गरोदरपणी मात्र वर्ज्य आहे. मिथाइलडोपा या रक्तदाबाच्याच औषधाने मन खिन्न होऊ शकते, म्हणून बाळंतपणानंतर ते शक्यतो बदलतात. रक्तस्राव थांबवण्यासाठीचे मिथाइलअर्गोमेट्रिन रक्तदाब वाढवते, म्हणून अशा स्त्रीला ते देत नाहीत.

बहुतेकींचा रक्तदाब काही आठवड्यांत उतरतो. बारा आठवड्यांनंतरही तो चढाच राहिला, तर तो दीर्घकालीन मानून मूत्रपिंडासह इतर कारणे तपासतात. प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवर परिणाम होणे) होऊन गेलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो, म्हणून तिने दरवर्षी रक्तदाब मोजून घ्यावा आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर या बाळंतपणाची माहिती आवर्जून द्यावी.