लिथियमची रक्ततपासणी आली कुठून?

रात्री साडेआठला लिथियमची गोळी, सकाळी साडेआठला लॅब, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच. ठाण्यात बायपोलरचा पेशंट असलेल्या कित्येक घरांना हे वेळापत्रक पाठ असतं. पेशंट बरा आहे, कामावर जातोय, मग दर काही महिन्यांनी सुई कशाला, असं घरचे विचारतात. रास्तच प्रश्न आहे.

उन्माद आणि नैराश्य ही एकाच आजाराची, म्हणजे बायपोलरची, दोन रूपं, हे फ्रान्समध्ये १८५० च्या दशकातच मांडलं गेलं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ मधलं. तेव्हा या आजारावर सर्वमान्य असं नेमकं औषध नव्हतं. ते समोर आलं १९४९ मध्ये. मेलबर्नजवळ मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिलं. पहिला रुग्ण पाच वर्षं उन्मादात होता. तो काही महिन्यांत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. आणि १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. अमेरिकेतही १९४९ मध्येच हृदयरोग्यांना मिठाऐवजी दिलेल्या लिथियम क्लोराइडने बळी घेतले आणि ते बाजारातून काढावं लागलं.

औषध गुणकारी होतं, पण रक्तात ते किती साचतंय हे कळत नव्हतं. मेलबर्नच्याच संशोधक ट्राउटनर यांनी रक्तातली पातळी मोजून उपचार करायची वाट दाखवली. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्कौ यांनी उन्मादाच्या रुग्णांवर केलेली लिथियमची चाचणी १९५४ मध्ये आली. अमेरिकेची मान्यता मात्र थेट १९७० मध्ये! केवढी वर्षं वाया गेली.

आज दीर्घ उपचारात पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या पुढे धोका. इतकी अरुंद पट्टी असल्यामुळेच ती सुई. थायरॉइड आणि किडनीवरही लिथियमचा परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांच्याही तपासण्या.

संशोधन पुढे गेलंय. २०२५ मध्ये दीड लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून आजाराशी जोडलेल्या २९८ जनुकीय जागा समोर आल्या. २०१५ मध्ये रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी घडवल्या, त्या अतिउत्तेजित निघाल्या. लिथियमने शांत झाल्या त्या फक्त ज्यांना लिथियम लागू पडतं त्यांच्याच. पण कोणाला लागू पडेल हे आधी सांगणारी तपासणी अजून दवाखान्यात आलेली नाही.

इथल्या घरांसाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती किडनीची गोष्ट. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते. अंगातलं मीठ-पाणी घटलं की ती सोडियम राखून ठेवते, सोबत लिथियमही. म्हणजे ऑक्टोबर हीटमध्ये लोकलच्या गर्दीत घामाघूम होणं, जुलाब, निर्जळी एकादशी, किंवा गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी, यांतल्या कशानेही पातळी चढू शकते. डॉक्टरांनी हे गोळी लिहून देतानाच सांगायला हवं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.