लिब्रेता

लिब्रेता : क्यूबातील प्रत्येक कुटुंबाला सरकारकडून मिळणारी शिधावही. पूर्ण नाव ‘लिब्रेता दे आबास्तेसिमिएन्तो’, म्हणजे पुरवठ्याची वही. शिधावाटपाचा कायदा मार्च १९६२ मध्ये झाला. अमेरिकेची व्यापारबंदी लागू होऊन तेव्हा महिनाच झाला होता. पण टंचाईला त्याआधीच सुरुवात झाली होती. १९५९ च्या क्रांतीनंतर घरभाडी उतरली, हातात पैसा आला, मागणी वाढली आणि माल मात्र वाढला नाही. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था साठ वर्षांनंतरही चालू आहे.

आपल्याकडच्या शिधापत्रिकेसारखे तिला उत्पन्नाचे रंग नाहीत. डॉक्टर असो वा झाडूवाला, माणशी कोटा एकच. फरक पडतो तो वयाने आणि आजाराने. सात वर्षांपर्यंतच्या मुलांना दूध, त्यापुढे तेरापर्यंत सोयाचे दही. मधुमेही किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर वेगळा आहार मिळतो. जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद ‘ओफिकोदा’ या वाटप कार्यालयात करावी लागते. नाव एका ठरलेल्या दुकानालाच जोडलेले असते. त्याला ‘बोदेगा’ म्हणतात. गावाहून हवानात राहायला आलेल्याने नाव हलवून घेतले नाही, तर राजधानीत त्याला शिधा नाही.

कोटा ‘लिब्रा’त मोजतात, क्यूबाचा लिब्रा ४६० ग्रॅमचा. माणशी महिन्याला साधारण सात लिब्रा तांदूळ (सव्वातीन किलोच्या आत), काही लिब्रा साखर, थोडा काळा घेवडा किंवा इतर कडधान्य, जेमतेम पावशेर तेल, पाच अंडी, थोडी कोंबडी आणि चार औंस कॉफी. रोज एक पाव, तो सप्टेंबर २०२४ पर्यंत ८० ग्रॅमचा होता. एवढ्यात महिना निघत नाही. काटकसर केली तरी दहा-पंधरा दिवस. कॉफी निम्मी भाजलेल्या वाटाण्याची असते. वाटाण्याची पूड फुगून मोकापात्राची (वाफेच्या दाबाने कॉफी करायच्या भांड्याची) गाळणी तुंबते, म्हणून ती दाबून भरायची नसते.

वहीत लिहिलेले आणि दुकानात आलेले यांत मेळ नसतो, आणि सारी कसरत तिथेच. तांदूळ एका दिवशी, तेल दुसऱ्या आठवड्यात, साखर कधी पुढच्या महिन्यात. आलेला माल दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहितात. दुकानदार दिलेल्या मालावर वहीत पेनाने खूण करतो. मासळी आली नाही की तिच्याऐवजी कोंबडी मिळते. ‘पोयो पोर पेस्कादो’, म्हणजे माशाच्या जागी कोंबडी, हा शब्दप्रयोग फळ्यावरूनच बोलीत गेला. काटा मारण्याची तक्रार नेहमीची. मारलेला माल मागच्या दाराने चढ्या भावाने जातो. दुकानदाराचा पगारही त्याच्या गिऱ्हाइकाइतकाच तोकडा, हे त्यामागचे साधे कारण.

रांगेची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. येणारा विचारतो, ‘एल उल्तिमो?’ (शेवटचा कोण?). हात वर झाला की त्याच्यामागचा आपण. जाणकार त्याच्याही पुढे कोण आहे ते विचारून ठेवतात, कारण तो मधूनच निघून गेला तर दुवा तुटतो. एवढे झाले की सावलीत बसायला हरकत नाही. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभे राहणारे ‘कोलेरो’ ही यातूनच निघालेली जमात.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर स्वस्त खनिज तेल, धान्य आणि साखरेचे पक्के गिऱ्हाईक एकदमच गेले. १९९० नंतरच्या या काळाला सरकारने ‘विशेष काळ’ असे सौम्य नाव दिले. चार वर्षांत अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली. बस बंद पडल्या, चीनमधून दहा लाखांवर सायकली आल्या, घरोघरी ग्रेपफ्रूटची साल तळून मांसाच्या तुकड्यासारखी वाढली जाऊ लागली. १९९२-९३ मध्ये ५०,००० हून अधिक लोकांना दृष्टी आणि मज्जातंतूंचा विकार झाला. ब-जीवनसत्त्वांची तूट हे त्याचे मुख्य कारण मानले गेले, आणि सरकारने साऱ्या देशाला गोळ्या वाटल्या.

२०११ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष राऊल कास्त्रो यांनी लिब्रेता म्हणजे न पेलणारा बोजा असल्याचे सांगितले. ती रद्द झाली नाही, पण एकेक जिन्नस तिच्यातून गळतच होता: सिगारेट आणि मग साबण त्याआधीच गेले होते. जानेवारी २०२१ च्या चलन-सुधारणेत किमान वेतन २,१०० पेसो ठरले. २०२४ मध्ये खुल्या बाजारात तीस अंड्यांचा ट्रे त्याहून महाग होता. त्याच वर्षी सरकारने मुलांच्या दुधासाठी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे मदत मागितली, आणि सप्टेंबरात रोजचा पाव ८० वरून ६० ग्रॅमवर आला.