कातळाच्या पोटातलं पाणी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातला सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, उन्हाळ्यात पाहिला, तर काळपट कातळ आणि करपलेलं गवत, एवढंच दिसतं. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीच्या कामाची नसलेली जमीन, अशी असते. मला हा शब्द पटत नाही, कारण सड्याखालच्या वाड्यांचं पाणी याच कातळातून येतं.

हा कातळ म्हणजे जांभा. कोकणातला बराचसा जांभा मुळात सह्याद्रीचा काळा बेसाल्टच होता. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पावसाचं पाणी त्यात मुरत राहिलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका विरघळून वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम सहजी विरघळत नाहीत, ते मागे उरले. तांबडा रंग त्या लोहाचाच. जे निघून गेलं त्याच्या जागी पोकळ्या राहिल्या, म्हणून चिऱ्याचा, म्हणजे बांधकामासाठी काढलेल्या जांभ्याच्या दगडाचा, ताजा काप मधाच्या पोळ्यासारखा दिसतो.

खाणीतून नुकताच निघालेला चिरा ओलसर आणि मऊ असतो. पूर्वी तो हातानेच काढून घडवत. उघड्यावर सुकला की त्यातल्या लोहाच्या संयुगांमधलं पाणी कमी होतं, त्यांचे स्फटिक एकमेकांत घट्ट बसतात आणि दगड कठीण होतो. मलबारातल्या अशाच दगडाचा हा गुण ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवला आहे.

पावसाळ्यात पाणी या पोकळ्यांतून आणि भेगांतून खाली झिरपतं. जांभ्याच्या तळाशी बहुतेक ठिकाणी चिकट मातीचा थर असतो. तिथे पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतं. अनेक वाड्यांच्या विहिरी अशा झऱ्यांच्या आधारानेच आहेत.

वर, कातळावरच्या बोटभर मातीत, नायट्रोजन आणि फॉस्फरस जेमतेम. म्हणून श्रावणात सडा निळाजांभळा करणारी सीतेची आसवं ही चिमुकली वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या बुडाशी, ओल्या मातीत, मोहरीहून लहान पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी सूक्ष्म जीव आला की दार आत उघडतं, पाण्यासकट तो ओढला जातो आणि तिथेच पचतो.

चिरेखाणींवर कितीतरी घरं चालतात, त्या बंद करा असं मी म्हणणार नाही. पण खाण किती खोल न्यायची हे ठरवण्याआधी खालच्या वाडीतल्या विहिरींची मे महिन्यातली पातळी मोजलेली असलीच पाहिजे.