सुटे हिम आणि हिमाची लादी

इंदूरहून हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणाऱ्या मराठी मंडळींच्या बोलण्यात ‘हिमस्खलन’ हा एकच शब्द येतो. पण त्यात दोन अगदी वेगळ्या घटना येतात, आणि एकीच्या अनुभवावरून दुसरीचा अंदाज बांधणे जिवावर बेतू शकते.

पहिली घटना सुट्या हिमाची. इंदूरच्या छावणी भागातल्या धान्यमंडीत गव्हाच्या ढिगावरून मूठभर दाणे ओघळले की खालचे दाणेही त्यांच्याबरोबर निघतात, तसे हे स्खलन एका बिंदूपाशी सुरू होऊन खाली रुंदावत जाते. ते ताज्या भुसभुशीत हिमात किंवा दुपारच्या उन्हाने ओलावलेल्या हिमात घडते. ते बहुधा लहान असते, मात्र खाली कडा किंवा घळ असेल तर तेवढेही पुरते.

दुसरी घटना लादीची, आणि स्कीअर व स्नोबोर्डर यांचे बहुतेक बळी हीच घेते. कलत्या फळीवर ज्वारीचे दाणे पसरून वर फरशी ठेवावी, तशी येथे रचना असते. हंगामाच्या सुरुवातीला हिमाचा थर पातळ असताना जमीन शून्य अंशाजवळ आणि वरची हवा कडाक्याची थंड असते. त्यामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि तळाशी जाड्या साखरेसारखे, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात. त्यांवर पुढची हिमवृष्टी आणि वारा एकसंध थर बसवतात. मग साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भाराने खालचा थर कोसळतो, भेग क्षणात दूरवर धावते आणि लादी बहुधा त्या माणसाच्या वरच्या बाजूला तुटते. म्हणजे तो निसटत्या हिमाच्या मधोमध उभा असतो. ‘लादी’ म्हटल्यावर बर्फाच्या कारखान्यातली टणक लादी डोळ्यांसमोर येते, पण ही लादी स्की सहज रुतेल इतकी मऊही असू शकते. म्हणूनच ती फसवते.

आधीच्या चौघांच्या स्कीच्या रेषा पाहून निर्धास्त होणेही चुकीचे आहे, कारण लादी जिथे पातळ असते तिथे पाचव्याचा भार खालपर्यंत पोहोचू शकतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा स्कीपुढे भेगा पळाल्या, तर तो उतार सोडावा.

कोरडे सुटे हिम सहसा एक-दोन दिवसांत बसते. लादीखालचा कच्चा थर मात्र निळ्या आकाशाखाली कित्येक आठवडे तसाच राहू शकतो. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा इशारा निघण्यापूर्वी अवश्य पाहावा, परंतु तो बारामुल्लासारख्या अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, गुलमर्गच्या अफरवाट शिखराच्या एखाद्या घळीसाठी नव्हे.