‘दोन्हींचा कंटेंट एकच आहे का हो?’ सर्दी-तापाच्या औषधांबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

हवा बदलली की काउंटरवर हा प्रश्न सुरू होतो. एका हातात लाल खोकं, दुसऱ्या हातात निळं. एकावर ‘फ्लू’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘सर्दी’. तिसरं ‘मॅक्स’ आहे म्हणून ते जास्त भारी असेल, असा अंदाज. मागे रांग असते, त्यामुळे तिथे नीट सांगणं होत नाही. म्हणून हा कागद.

उत्तर आधीच देऊन टाकतो: पुष्कळदा एकच असतं. नेहमी मात्र नाही, आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवरून ते कळत नाही.

सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यांना मारणारी गोळी यांतल्या एकाही खोक्यात नाही. ही औषधं सर्दी घालवत नाहीत, सर्दी आपणहून जाईपर्यंत त्रास हलका करतात. त्रास मोजके, म्हणून औषधंही मोजकीच. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. चोंदलेल्या नाकाला फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन. शिंका आणि वाहत्या नाकाला क्लोरफेनिरामाइन, सेटिरिझिन. कोरडी ढास लागली तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कफ सुटत नसेल तर ग्वायफेनेसिन किंवा अँब्रॉक्सॉल. पत्ते एवढेच. कंपन्या ते पिसतात आणि प्रत्येक डावाला नवं नाव देतात. ‘डे’ आणि ‘नाइट’ यांत बहुधा खरा फरक असतो: रात्रीच्या गोळीत झोप आणणारं अँटीहिस्टामिन, म्हणजे शिंका आणि वाहतं नाक थांबवणारं औषध, घातलेलं असतं, दिवसाच्या गोळीत ते नसतं, कधी कधी कॅफिन असतं. ‘प्लस’, ‘मॅक्स’, ‘अ‍ॅडव्हान्स’ या शब्दांना मात्र ठरलेला अर्थ नाही. मागची बाजू वाचल्याशिवाय त्यांच्यावर जाऊ नका.

ऑस्ट्रेलियात असंच एक प्रकरण कोर्टात गेलं होतं. सर्दीचं नव्हतं, दुखण्याच्या गोळ्यांचं होतं, पण गोष्ट तीच. ‘न्यूरोफेन’ची चार वेगवेगळी खोकी होती: पाठदुखी, पाळीतलं दुखणं, मायग्रेन आणि ताणाची डोकेदुखी. चारहींत नेमकं तेच औषध, तेवढंच: ३४२ मिलिग्रॅम आयबुप्रोफेन लायसिन. किंमत मात्र साध्या खोक्याच्या जवळपास दुप्पट. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ही दिशाभूल ठरवली. आधी १७ लाख डॉलर दंड झाला, तो अपिलात डिसेंबर २०१६ मध्ये ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. गोळी वाईट होती असं कोणीच म्हटलं नाही. गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते; खोक्यावर ‘पाठ’ छापलंय हे तिला माहीत नसतं, एवढंच.

आता उलटी बाजू, जी लोकांच्या लक्षात येत नाही. नाव एकच आणि आतलं औषध वेगळं, असंही असतं. अमेरिकेत ‘सुडाफेड’ म्हणजे स्यूडोएफेड्रिन. त्यापासून मेथॅम्फेटामाइन हे नशेचं द्रव्य बनवतात म्हणून २००६ पासून ते तिथे काउंटरच्या मागे ठेवावं लागतं, ओळखपत्र दाखवून मिळतं. समोरच्या फळीवर आली ती ‘सुडाफेड पीई’, आणि तिच्यात आहे फिनाइलएफ्रिन. नाव जवळपास तेच, औषध दुसरंच. ‘बेनाड्रिल’चंही तसंच: एका देशातल्या बाटलीत जे असतं, ते दुसऱ्या देशातल्या खोक्यात असेलच असं नाही. परदेशातून कोणी औषध आणून दिलं तर नावावर विसंबू नका.

फिनाइलएफ्रिनचा विषय निघालाच आहे तर. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेच्या तज्ज्ञ समितीने १६ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, की पोटातून घेतलेलं फिनाइलएफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत असल्याचा पुरावा नाही. रक्तात पोचायच्या आधीच त्याचा बराचसा भाग आतड्यात निकामी होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते परवानगीच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. मुद्दा ते अपायकारक असण्याचा नव्हता, उपयोग होत नसण्याचा होता, आणि नाकातल्या स्प्रेला तो लागू नाही. मग आम्ही अशा गोळ्या ठेवतो कशाला? कारण त्यांत पॅरासिटामॉल आणि अँटीहिस्टामिनही असतं, ते काम करतं, आणि लोकांना सवयीचं नाव हवं असतं. पण केवळ नाक चोंदलंय म्हणून कोणी आला तर आम्ही आधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे पुढे करतो. नाक मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिन या औषधाचा स्प्रे हवा असेल तर पाकिटावर लिहिलेल्या दिवसांपेक्षा जास्त नाही, सहसा पाचच्या आत. पुढे तोच स्प्रे नाक चोंदवायला लागतो.

आता ज्या चुकीसाठी हा कागद खरं तर छापला, ती.

मागच्या थंडीत एक गृहस्थ आले. तीन वस्तू काउंटरवर ठेवल्या: सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि गरम पाण्यात घालून प्यायची पावडर. म्हणाले, “तिन्ही वेगळ्या त्रासांची आहेत, एकत्र चालतील ना?” आम्ही खोकी उलटी केली. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा घ्यायची, म्हणजे १५००. तापाची गोळी ६५० ची, ४ वेळा, म्हणजे २६००. इथेच ४१०० झाले. निरोगी प्रौढ माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. रात्रीच्या पावडरीत आणखी १०००. एकूण ५१००, आणि हे तो माणूस तीन दिवस करत होता. पावडरीला लिंबाचा वास येतो, ती सरबतासारखी लागते, त्यामुळे ते औषध आहे हेच डोक्यात येत नाही.

पॅरासिटामॉल नेमून दिलेल्या मात्रेत अतिशय सुरक्षित आहे, उगाच घाबरू नका. पण यकृतात त्याचा थोडा भाग विषारी द्रव्यात बदलतो आणि यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ते निस्तरतं. मात्रा वाढली की ग्लुटाथायोनचा साठा अपुरा पडतो. रोज दारू घेणारे, वजन कमी असलेले, तापात दोन-तीन दिवस काही न खाल्लेले, आधीच यकृताचा आजार असलेले, यांना धोका लवकर. वाईट भाग असा की पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, किंवा मळमळ होते, भूक जाते, आणि माणूस म्हणतो फ्लूच आहे. पॅरासिटामॉल जास्त गेल्याची शंका आली तर त्रास व्हायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा. उतारा आहे, तो वेळेत दिला तर चांगला लागू पडतो.

अमेरिकी पाकिटांवर पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. पदार्थ तोच. एकाच रासायनिक नावाची वेगवेगळी अक्षरं उचलून दोन नावं झाली आहेत.

काउंटरवर आम्ही “घरी अजून काय चालू आहे?” असं विचारतो आणि काहींना राग येतो. आम्ही पोलीस नाही, रांग लांबवायची हौसही नाही. पण हा प्रश्न न विचारता दिलेली खोकी दुसऱ्या दिवशी परत येतात, ती आम्हाला घेता येत नाहीत, आणि मग वाद होतो. तिसरं खोकं आम्ही नाकारतो तेव्हा आमचीच विक्री जाते, हेही बघा. बहुतेकांना आम्ही सुटी औषधं सुचवतो: तापाला एक, शिंकांना एक. ताप उतरला की ती बंद, शिंका चालू असतील तर दुसरी चालू. मिश्र गोळीत हे जमत नाही, नको असलेलं औषधही पोटात जातं. ताप, शिंका आणि अंगदुखी एकदमच असेल तर मिश्र गोळी सोयीची, ती जरूर घ्या. नावाजलेल्या कंपनीचीच हवी असेल तर तीही आहे, पण तोच कंटेंट स्वस्तात असेल तर आम्ही विचारायच्या आधी सांगतो.

ब्लड प्रेशर असेल तर नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांआधी सांगा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, किंवा गाडी चालवायची असेल, तर क्लोरफेनिरामाइनआधी. लहान मुलांसाठी मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं आम्ही स्वतःहून देत नाही. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन नाही म्हणजे नाही. अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही. खरा फ्लू वाटत असेल आणि घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर डॉक्टरांकडे पहिल्या दोन दिवसांतच जा. फ्लूवरचं औषध तेव्हा सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. दम लागला, छातीत दुखलं, ताप उतरून पुन्हा चढला, तर आमच्याकडे येऊच नका, थेट डॉक्टरांकडे.

आणि येताना फोनवर खोक्याच्या पुढच्या बाजूचा फोटो आणू नका. मागची बाजू हवी, बारीक अक्षरांतली, जिथे ‘कंपोझिशन’ लिहिलेलं असतं. फोटो हलला तर आम्ही भिंग लावूनही वाचू शकत नाही. त्यापेक्षा घरातली सर्दी-तापाची सगळी औषधं पिशवीत घालून आणा. कुठल्यात काय आहे, कुठली दोन एकत्र घ्यायची नाहीत आणि कुठली मुदत संपली म्हणून टाकायची, हे आम्ही प्रत्येक पाकिटावर पेनने ठळक लिहून देतो. त्याचे पैसे घेत नाही. दुपारी गर्दी कमी असते. रिकामी पट्टीही चालेल, फक्त छापील बाजू फाटलेली नको.