ईश्वरी निवड

ईश्वरी निवड : ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना. माणूस देवाकडे वळण्याच्या आधीच देवाने त्याला आपलेसे केलेले असते, आणि त्याला कारण देवाची इच्छा असते. माणसाचे कुळ, पुण्याई किंवा लायकी नव्हे, असा तिचा आशय आहे. कशानेही बांधल्या न गेलेल्या या इच्छेला धर्मशास्त्रात देवाचे सार्वभौमत्व म्हणतात. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘निवडून घेणे’, ‘निवडलेले’, ‘आगाऊ नेमणे’ असे शब्द येतात.

मराठी वाचकाला इथे ‘निवडणे’ हा शब्दच थोडा आड येतो. सोलापूरकडे ज्वारी गिरणीत टाकण्याआधी सुपात घेऊन निवडतात. खडे, काडीकचरा, किडके दाणे बोटाने बाजूला सारायचे आणि टपोरा दाणा ठेवायचा. ही निवड दाण्याचा गुण बघून होते. बायबलमधली निवड नेमकी याच्या उलट आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना बजावतो, की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडले नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. त्याची तुमच्यावर प्रीती होती, एवढेच कारण. करिंथच्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती समुदायाला) प्रेषित पौलही तेच लिहितो : जगाने हलके आणि तुच्छ मानलेले देवाने निवडले.

या विचाराचा गाभा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९ ते ११ या अध्यायांत आहे. अब्राहामाची सून रिबका हिच्या पोटी जुळे होते. ते जन्मलेही नव्हते, त्यांनी बरेवाईट काही केलेही नव्हते, तेव्हाच थोरला एसाव धाकट्या याकोबाची सेवा करील असे ठरले. मग देव अन्यायी आहे काय? हा प्रश्न वाचकाच्या आधी पौलच विचारतो. तो कुंभाराचा दाखला देतो : मातीच्या एकाच गोळ्यातून कुंभार कोणते भांडे घडवील, हा त्याचा अधिकार. हा दाखला पुष्कळांना कठोर वाटतो, आणि एकटा वाचला तर तो कठोर आहेच. पण कुंभाराचे हे चित्र जुन्या संदेष्ट्यांपासून चालत आलेले आहे. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात चाकावरचे मडके बिघडते, तेव्हा कुंभार माती फेकून देत नाही. त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो. शिवाय पौलाचा युक्तिवाद ९व्या अध्यायात थांबत नाही. ११व्या अध्यायाच्या शेवटी तो सर्वांवर दया करण्याच्या देवाच्या हेतूपाशी येतो. संकल्पनेवरचे निम्मे गैरसमज मधेच वाचन थांबवल्याने झाले आहेत.

पाचव्या शतकात, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलागियसशी वाद घालताना धर्मपंडित ऑगस्टीनने (३५४–४३०) या विचाराला घडीव रूप दिले : विश्वास ठेवण्याची ताकदसुद्धा देवाच्या कृपेनेच मिळते. फ्रान्समधल्या ऑरेंज येथील ५२९च्या धर्मपरिषदेने कृपेचे हे अग्रस्थान मान्य केले, मात्र देव कुणाला पापासाठी नेमतो हे म्हणणे साफ नाकारले. कॅथलिक शिकवण आजही त्याच वाटेवर आहे. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने (१५०९–१५६४) तारण (पापातून सुटका) आणि नाश दोन्ही देवाच्या संकल्पात धरले. डच धर्मपंडित याकोबस आर्मिनियसचे म्हणणे वेगळे होते : कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो, आणि त्या जाणण्यावरून निवडतो. नेदरलँड्समधील डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) त्याच्या अनुयायांचे मत फेटाळले. पण ते संपले नाही. पुढच्या शतकात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्लीने ते जोमाने मांडले. विसाव्या शतकात स्विस धर्मपंडित कार्ल बार्टने प्रश्नाची मांडणीच बदलली. निवडणारा देव आणि निवडला गेलेला माणूस, दोन्ही ख्रिस्तच, असे त्याने म्हटले. नाकारले जाण्याचे ओझेही ख्रिस्तानेच वाहिले. ‘माझे नाव यादीत आहे का’ ही धास्ती त्यामुळे ओसरते, म्हणून हे उत्तर मला सर्वांत खोल वाटते.

निवड म्हणजे नशीब नव्हे. सटवाईने कपाळी लिहिलेले कुणाला विचारता येत नाही, पण बायबलमधले अब्राहाम, मोशे आणि ईयोब देवाशी भांडतात. निवडीला कामही जोडलेले असते : पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा, यासाठी अब्राहामाला बोलावले गेले. हा पेच आपल्याकडेही अनोळखी नाही. ‘आत्मा ज्याला वरतो त्यालाच तो लाभतो’ असे कठोपनिषद म्हणते, आणि रामानुजीय परंपरेत मर्कटन्याय की मार्जारन्याय हा वाद आहेच : वानराचे पिल्लू आईला घट्ट धरते, मांजरी मात्र पिल्लाला स्वतः तोंडात धरून नेते.

सोलापुरात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती विचार मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनमुळे रुजला. १८१३मध्ये मुंबईत सुरू झालेले हे मिशन १८६०च्या दशकात इथे पोहोचले. त्याच्या पाठीशी न्यू इंग्लंडमधल्या कॉन्ग्रिगेशनल (आपला कारभार आपणच पाहणाऱ्या) मंडळ्यांची कॅल्व्हिनवादी परंपरा होती. १९७०मध्ये नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा कॅल्व्हिन आणि वेस्ली या दोघांचेही वारस एका छपराखाली आले.

याच शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि त्यांतल्या कुटुंबांना इथे तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जाई. जन्मलेल्या पोराने अजून बरेवाईट काही केलेले नसताना सरकारने त्याला नाकारले होते. रिबकेच्या जुळ्यांविषयीचे पौलाचे शब्द वरवर तसेच वाटतात, पण रोख अगदी उलटा आहे : त्यांच्यात जन्माने मोठा ठरलेला मागे पडतो आणि धाकटा पुढे बोलावला जातो. ते कायदे १९५२मध्ये रद्द झाले. वस्तीचे नाव मात्र अजून सेटलमेंटच आहे.