जॅक्सन, ‘शूलेस’ जो
(१६ जुलै १८८७ – ५ डिसेंबर १९५१). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू. साउथ कॅरोलायनातील पिकन्स परगण्यात जन्म. लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागल्याने त्याचे शिक्षण झाले नाही व लिहिता-वाचता त्याला कधीच आले नाही. नवे बूट चावू लागले म्हणून एका सामन्यात तो नुसत्या मोज्यांवर खेळला आणि ‘शूलेस’, म्हणजे बिनबुटाचा, हे नाव त्याला कायमचे चिकटले.

१९११ मध्ये क्लीव्हलँडकडून खेळताना त्याची फलंदाजीची सरासरी .४०८ होती. ही सरासरी क्रिकेटप्रमाणे धावांची नसून यशस्वी फटक्यांच्या प्रमाणाची असते आणि .३०० सुद्धा उत्तम गणली जाते. तरीही त्या वर्षी टाय कॉब हा दुसरा खेळाडू .४२० सरासरीने त्याच्या पुढे राहिला. १९१५ मध्ये जॅक्सन शिकागो व्हाइट सॉक्स संघात आला.

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या विजेतेपदासाठीच्या अंतिम मालिकेत, शिकागो संघ सिनसिनाटीकडून ५–३ असा हरला. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन काही खेळाडूंनी मुद्दाम हार पत्करल्याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती. सप्टेंबर १९२० मध्ये ग्रँड ज्यूरीपुढे (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) जॅक्सनने २०,००० डॉलरचे आश्वासन मिळाल्याचे आणि त्यांपैकी ५,००० हाती आल्याचे कबूल केले. मात्र आपण जिंकण्यासाठीच खेळलो, असेही त्याने त्याच जबानीत सांगितले. त्या मालिकेत त्याचे १२ यशस्वी फटके, .३७५ सरासरी आणि मालिकेतील एकमेव होम रन (फलंदाज एकाच फटक्यावर सर्व तळांना फेरी मारून धाव पूर्ण करतो तो फटका), असे आकडे आहेत. समर्थक त्यांवरच बोट ठेवतात. पण होम रन शेवटच्या सामन्यातला होता आणि पहिल्या पाच सामन्यांत त्याच्या फटक्यावर संघाला एकही धाव मिळाली नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. अर्थात एवढ्यावरून त्याचा हेतू सिद्ध होत नाही. घेतलेले पैसे मात्र त्याला कधीच नाकारता आले नाहीत.

२ ऑगस्ट १९२१ रोजी न्यायालयाने खेळाडूंना निर्दोष ठरवले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी जॅक्सनसह या प्रकरणातील आठ खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. बंदीपूर्वीच्या अखेरच्या हंगामात त्याची सरासरी .३८२ आणि संपूर्ण कारकिर्दीची .३५६ होती. पुढे त्याने सव्हॅना येथे कपडे धुण्याचा व्यवसाय केला व नंतर ग्रीनव्हिल येथे दारूचे दुकान चालवले. तेथेच त्याचे निधन झाले. मे २०२५ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मृत खेळाडूंवरील बंदी उठवली, त्यामुळे हॉल ऑफ फेम या श्रेष्ठ बेसबॉलपटूंच्या सन्मानसूचीसाठी त्याच्या नावाचा विचार होण्यातली आडकाठी दूर झाली.